सारखंच वाढवलं, मग हाच असा का?

"मॅडम, आम्ही दोघांना सारखंच वाढवलंय. मग ह्योच असा का निघाला?" लातूरला क्लाससाठी येणाऱ्या मुलांचं आणि त्यांच्या पालकांचं समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो. माझं उत्तर आता ठरलेलं आहे. मुलांचे स्वभाव वेगळे असतील, तर एकच वागणूक दोघांना सारखी पोचत नाही.

औसा तालुक्यातलं एक कुटुंब डोळ्यांपुढे आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) थोरला अकरावीत, ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी लातूरला खोली करून राहणारा. लहानपणी पाहुणे आले की आईच्या पदराआड जायचा, कुणी रागावलं तर जेवण जायचं नाही. धाकटा नववीत, गावातच. विहिरीत पहिली उडी त्याची, शाळेत पहिली मारामारीही त्याचीच. घरात दोघांना शिस्त एकच. वडील आवाज चढवणार, तेवढ्यानं भागलं नाही तर आई अबोला धरणार, आणि शेवटी "तुमच्यापायी शेत गहाण टाकलंय" हे ठरलेलं.

थोरल्याचं टेस्टच्या आदल्या रात्री पोट दुखायला लागलं. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. मग झोप उडाली, मग घरचा फोन उचलणं बंद झालं. धाकट्यावर मात्र त्याच ओरडण्याचा काडीचाही परिणाम नव्हता. सोमवारी काढून घेतलेली मोटारसायकलची चावी बुधवारी परत मिळायची, कारण तोवर वडील थकलेले असायचे.

न्यूयॉर्कमध्ये १९५६ साली अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्यानं तान्ह्या बाळांचा अभ्यास सुरू केला आणि ती मुलं मोठी होईपर्यंत चालू ठेवला. त्यांच्या मते निव्वळ स्वभावामुळे मूल बिघडत नाही. स्वभाव आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचं जुळतं की नाही, यावर बरंच ठरतं. पुढे १९९०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ ग्राझिना कोहान्स्का यांनी लहान मुलांमध्ये याहून नेमकी गोष्ट दाखवली. भित्र्या मुलांत समजुतीच्या, हळुवार शिस्तीनं चांगल्यावाइटाची जाण चांगली रुजते. बेधडक मुलांत शिस्त सौम्य की कडक, यानं फारसं काही बदलत नाही. तिथं आईशी असलेलं जिव्हाळ्याचं नातं उपयोगी पडतं. हे वाचताना मला ते दोन भाऊच दिसत होते.

आणखी एक फरक मी पालकांना कागदावर रेघ मारून समजावते. संशोधक ब्रायन बार्बर यांनी १९९६ साली तो मांडला. मुलाच्या वागण्याला मर्यादा घालणं वेगळं आणि मुलाच्या मनावर ताबा ठेवणं वेगळं. अबोला, उपकारांची आठवण, "आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस" हे सगळं दुसऱ्या रकान्यात. त्याचा संबंध खिन्नतेशी, आतल्या आत कुढण्याशी दिसतो. मर्यादाच सैल असल्या, की मारामाऱ्या, खोटं बोलणं, नियम मोडणं वाढतं. या घरात थोरल्याच्या वाट्याला मनावरचा ताबा भरपूर आला होता आणि धाकट्याच्या वाट्याला टिकणारी मर्यादा जवळजवळ शून्य.

आई-वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला मुळीच पटत नाही. स्वभाव मुलं काही प्रमाणात जन्मतःच घेऊन येतात, आणि सतत अंगावर येणारं पोर शांत माणसालाही ओरडायला लावतं. हे सांगितल्यावर त्या माउलीला रडू कोसळलं. तिला आजवर सगळ्यांनी फक्त दोषच दिला होता.

वडील रोज खोलीमालकाला फोन करून थोरल्याची खबर घ्यायचे. स्वीडनमध्ये स्टॅटिन आणि केर या संशोधकांनी २००० साली दाखवून दिलं, की आई-वडिलांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं ते पाळतीतून कमी आणि मुलांनी आपणहून सांगितल्यातून जास्त आलेलं असतं. मी त्यांना म्हटलं, "दादा, मालकाला नको, पोरालाच फोन करा. आणि मार्कांचं विचारू नका." "मग बोलायचं तरी काय?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. सोयाबीनचं बोला, म्हटलं.

थोरल्याला मी मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. झोप, भूक आणि बोलणं तिन्ही आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, तर नुसत्या गप्पांवर थांबू नये. जवळ कुणी नसेल तर टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. परवा थोरल्यानं स्वतःहून घरी सांगितलं की फिजिक्समध्ये कमी पडलेत. वडील ओरडले नाहीत.

धाकट्याचं काम अजून बरंच बाकी आहे. चावीचा एकच नियम ठरलाय, तो आई, वडील आणि आजी तिघांनीही पाळायचा, आणि आठवड्यातून एकदा वडिलांनी त्याला एकट्याला घेऊन शेतावर जायचं. आजी अजून कबूल नाहीत. पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या, असं मी सांगितलंय.