कडीवरचं फुलपात्र

गाडीचं छत चाकूने फाडता येतं हे ती घेताना मला ठाऊक होतंच. पण ठाऊक असणं वेगळं आणि रात्री दोन वाजता पडदा सरकवून रस्त्यावरची आपली पिवळी गाडी शाबूत आहे ना, हे बघणं वेगळं.

गाडी म्हणजे 1972ची एमजीबी. दोनच माणसांची, 1798 सीसीची, छत दुमडून मागे टाकता येणारी. ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. त्यातली एक फिरत फिरत कॉव्हेंट्रीत आमच्या दारात आली. गॅरेज नाही, त्यामुळे दारात म्हणजे रस्त्यावरच. भारतात हल्ली एमजी म्हटलं की हेक्टर डोळ्यांपुढे येते. सांगलीला फोन केला तेव्हा बाबांनाही वाटलं, लेकीने ऐसपैस मोठी गाडी घेतली. फोटो पाहून म्हणाले, "अगं, यात बसायचं कुठे?"

छत व्हिनाइलचं, म्हणजे बाजारच्या रेक्झिनच्या पिशवीइतकंच भक्कम. इथल्या जुन्या गाडीवाल्यांत म्हणूनच अनेक जण दारं लॉक करत नाहीत. चोराने दार उघडावं, आत काही नाही हे बघावं आणि निघून जावं. लॉक केलं तर तो छत कापणार, आणि आत त्याला मिळणार काय, तर चिल्लर आणि एक गॉगल. नवं छत बसवायला मात्र आपले शेकड्यांनी पाउंड जाणार. हिशेब बिनतोड होता, पण मला तो पचेना. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणाऱ्यांच्या घरात मी वाढले.

मुलगा म्हणाला, "आई, ट्रॅकर लाव ना." पण ट्रॅकर गाडी गेल्यावर सांगणार ती कुठे गेली. मला चोर आल्या आल्या बोंब हवी होती. शेवटी अलार्मचं खोकं आणलं आणि तो स्वतःच बसवायचा ठरवलं. बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, शाळा सुटल्यावर मी तिथेच असायची. सोल्डरच्या धुराचा वास मला अजूनही संध्याकाळचा वास वाटतो.

बाबांना व्हिडिओ कॉल लावून फोन डॅशबोर्डला टेकवला. पहिला हुकूम आला, "बॅटरीची अर्थिंगची वायर आधी सोड." बॅटरी कुठे आहे असं त्यांनी विचारल्यावर मी सांगितलं, सीटच्या मागे, फळीखाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये. बाबांना इतका आनंद मी माझ्या लग्नातही झालेला पाहिला नव्हता. मग त्यांना निगेटिव्ह अर्थ आहे की पॉझिटिव्ह, हे हवं होतं. प्रश्न बरोबर होता. 1967पर्यंतच्या एमजीबींत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असे. तशा गाडीत आजचा अलार्म नेहमीच्या पद्धतीने जोडला तर तो ओरडायच्या आधीच जळेल. माझी 1972ची, म्हणून निभावलं.

इथल्या जुन्या गाड्यांच्या वायरिंगवर विनोदांचा एक मोठा साठा आहे. ज्या कंपनीचं हे सामान असायचं तिच्या संस्थापकाला लोक 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. त्याच्या दिव्याच्या बटणाला म्हणे तीन जागा असतात: मिणमिण, लुकलुक आणि बंद. पण रंगांची शिस्त मात्र सुरेख. तपकिरी वायर कायम जिवंत, पांढरी किल्ली फिरवल्यावर, काळी अर्थ. उजव्या इंडिकेटरला हिरव्यावर पांढरी रेघ, डाव्याला हिरव्यावर लाल. अडचण एवढीच की पन्नास वर्षांनी सगळ्याच वायरी उकळलेल्या चहाच्या रंगाच्या झालेल्या असतात. डॅशबोर्डखाली पाठीवर पडून, इंजेक्शनआधी दंड पुसतात तशी एकेक वायर स्पिरिटच्या बोळ्याने पुसत गेले. बोळा फिरला की मळाखालून एकदम जांभळा उमटायचा. अर्धा दिवस त्यातच गेला, आणि खरं सांगायचं तर तोच सगळ्यात मजेचा होता.

अलार्मबरोबर एक अल्ट्रासॉनिक सेन्सर आला होता. गाडीच्या आत हवा हलली की त्याला कळतं. बंद काचेच्या, पत्र्याच्या गाडीत हे ठीक. आमच्या छताला मात्र जवळून ट्रक गेला तरी पोटात कळ आल्यासारखं होतं. पहिल्या रात्री तीन वेळा सायरन वाजला. तिसऱ्या वेळी शेजारचे आजोबा गाऊन घालून बाहेर आले आणि आधी 'सॉरी' म्हणाले. इंग्लंडात समोरच्याने आधी सॉरी म्हटलं की चूक आपली असते.

दुसऱ्या दिवशी सेन्सरची वायर काढताना आजी आठवली. गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या दाराची कडी ढिली होती, बाहेरून धक्का दिला तरी निघायची. ती दुरुस्त करायला आजी सुताराला कधी बोलावत नसे. रात्री कडी लावायची आणि तिच्यावर पितळेचं फुलपात्र उपडं ठेवायची. कडी हलली की फुलपात्र खालच्या शहाबादी फरशीवर. त्या आवाजाने आख्खी आळी जागी झाली असती. चोर कधी आला नाही, एकदा काका उशिरा आला तेवढाच.

मग मी तेच केलं. दाराच्या चौकटीत फ्रिजच्या दिव्याला असतं तसलं बटण बसवलं. एक बॉनेटला, एक डिकीला. दार उघडलं की सर्किट पुरं, आणि बोंब. हवा, ट्रक, मांजर यांच्याशी अलार्मचा संबंधच उरला नाही. त्यामुळे दारं आता लॉक करत नाही. चाकू काढायची तसदी चोराला नको, दार त्याच्यासाठी उघडंच आहे. फक्त उघडलंस की गल्लीभर बभ्रा. शेजारच्या आजोबांना हे समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहून म्हणाले, फार इंग्लिश पद्धत आहे ही. सांगलीची आहे, असं मी सांगितलं नाही.

पुढचा घोळ बॅटरीचा. अलार्म जागा राहायला 20 मिलीअँपिअर खातो. ऐकायला किती क्षुल्लक! पण दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर, म्हणजे हिवाळ्याचे तीन महिने गाडी उभी राहिली तर 60 अँपिअर-अवरच्या बॅटरीतले 43 त्याने फस्त केलेले. कुंपणच शेत खातं ते असं. रस्त्यावर चार्जर लावायची सोय नाही. त्यामुळे या राखणदाराला पोसायला दर रविवारी मला दहा-बारा मैल गाडी फिरवावी लागते. केनिलवर्थला जायचं आणि यायचं, छत उघडं टाकून, कानटोपी घालून. घरचे याला कर्तव्य मानायला तयार नाहीत.

एवढ्यावरही बाबांचं समाधान होईना. "वाजून वाजून अलार्म थांबेल, पुढे?" म्हणून पेट्रोल पंपाच्या पांढऱ्या वायरीत एक चोरस्विच टाकला. या गाडीचा पंप मागच्या चाकापाशी असतो, विजेवर चालतो, आणि किल्ली फिरवली की टकटक करतो, सुताराने लांब कुठेतरी हातोडी मारावी तसा. स्विच बंद असेल तर गाडी कार्ब्युरेटरमधल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर सुरू होते, थोडी जाते आणि मरते.

गेल्या रविवारी कोपऱ्यावरच्या राउंडअबाउटच्या तोंडाशी ती तशीच मेली. आचके, एक फुसका आवाज, शांतता. मागे तीन गाड्या. हॉर्न कुणी दिला नाही, हॉर्न दिला असता तर बरं वाटलं असतं. प्लग, पॉइंट्स, फ्यूज सगळं मनात तपासून झालं. मग लक्षात आलं, निघताना टकटक ऐकूच आली नव्हती. हात घातला, कुठे ते लिहीत नाही, आणि मागे सुतार कामाला लागला.