निकाल ठरलेला, तरी डाव बघायचे

सोमवार, रात्र

पाऊस धरूनच आहे. अशा हवेत जुन्या काळातल्या हलक्याफुलक्या प्रेमकथा बऱ्या. शेवटी लग्न लागणार हे पहिल्याच पानावर कळलेलं असतं. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात नूरा कुस्तीचा, म्हणजे आधीच निकाल ठरवलेल्या लढतीचा, नुसता संशय आला तरी माणसं खवळतात; इथं मात्र निकाल ठरलेला म्हणूनच वाचक निवांत बसून डाव बघतो.

अडसर तेवढा खरा हवा. १८११ ते १८२० च्या, रीजन्सी काळातल्या इंग्रजी कथांना मोठा आधार आहे १७५३ च्या लग्नाच्या कायद्याचा. एकविशीच्या आतल्यांना परवान्यानं लग्न करायला वडिलांची संमती लागे. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणून जोडपी हद्दीपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला पळत. लंडनहून सुमारे ५०० किलोमीटर, तेही घोडागाडीनं. दर दहा-पंधरा मैलांना घोडे बदला, पैसे मोजा, चाक रुतलं की मिळेल त्या खाणावळीत मुक्काम करा. तेवढ्यात दोघं भांडतात, उपाशी राहतात, एकमेकांचा खरा स्वभाव बघतात. गोष्ट घडते ती गाडीतच.

फसतं कुठं? ‘ती तुमची बहीण का?’ एवढं विचारून मिटणारा गैरसमज शंभर पानं ताणला, की वाचक पुस्तक मिटतो. दुसरा रोग अभ्यास मिरवण्याचा. कोटाचं बटण पुढं तुटणार असेल तरच त्याचं वर्णन करावं.

हे कोल्हापुरात छान जमेल. १९१९ साली शाहू महाराजांनी संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्यानं मान्यता दिली. ब्रिटिश मुलखात अशाच लग्नांना मान्यता देऊ पाहणारं १९१८ चं पटेल बिल अडकलेलं. म्हणजे पळून यायचं ते कोल्हापूरकडं! फक्त रेल्वे टाळावी. मिरज-कोल्हापूर गाडी १८९१ पासूनची, अंतर पन्नासेक किलोमीटर. रुसवा रंगात येईपर्यंत स्टेशन येतं. त्यापेक्षा जोडप्याला बेळगावहून बैलगाडीनं काढावं, निपाणीच्या अलीकडं आस मोडावा. आणि आत्याबाईंना नेमकं त्याच दिवशी अंबाबाईच्या दर्शनाला यायचं असावं. आत्याबाई खरंच झोपल्यात की नुसते डोळे मिटलेत, एवढ्यावर एक प्रकरण आरामात निघतं.