सुगीच्या टेबलाची सजावट आणि यजमानांसाठी छोटीशी भेट : माझा अनुभव

मैत्रिणीकडे सुगीच्या दिवसांत जेवणाचा बेत ठरला आणि टेबलाच्या मधोमध मांडायची सजावट मी हौसेने मागून घेतली. सोबत तिच्यासाठी हाताने केलेलं काहीतरी न्यायचं, हेही तेव्हाच ठरवलं. दोन्हींसाठी अट एकच ठेवली: घरात एवढी माणसं जेवायला असताना माझ्यामुळे तिचं काम जराही वाढता कामा नये.

सुरुवात गव्हाच्या ओंब्यांपासून केली. काडीचा हिरवेपणा जाऊन पिवळी झाक आली की त्या कापायच्या. पूर्ण पिकू दिल्या तर दाणे गळतात. जुड्या लहान बांधायच्या, म्हणजे आतपर्यंत हवा लागते. बांधायला मी सुतळी न घेता रबरबँड घेतले. वाळताना काड्या आकसतात, सुतळी सैल पडते आणि अर्धी जुडी जमिनीवर येते. रबर काड्यांबरोबर आवळत जातं. उलट्या टांगल्या की ओंब्यांची मान सरळ राहते, आणि जागा अंधारी असली की रंग उडत नाही. काडी वाकवल्यावर कट्‌कन मोडली की वाळली समजायचं. त्याला साधारण दोन-तीन आठवडे जातात, म्हणून हे काम सगळ्यात आधी हातात घ्यावं.

खरा वेळ मी पानांना दिला. लाल-पिवळी पानं वर्तमानपत्रांच्या घड्यांत घालून वर जाड पुस्तकं ठेवली. रंग छान टिकले, पण दाबून वाळवलेलं पान ठिसूळ असतं. जेवताना कुणाचा हात लागला की त्याचा चुरा ताटात. म्हणून कडेला, हात लागेल अशा जागी, ग्लिसरीनमध्ये मुरवलेल्या फांद्या ठेवायचं ठरवलं. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाणी एकत्र करायचं, फांदीचं बूड हातोडीने हलकं चेचायचं आणि त्या मिश्रणात उभं करून ठेवायचं. पाण्याबरोबर ग्लिसरीन पानात चढतं; पाणी उडून जातं, ग्लिसरीन आतच राहतं आणि पान मऊ चामड्यासारखं लवचीक होतं. रंग मात्र बदलतो. हिरव्याचा हळूहळू गडद तपकिरी होतो, आणि ओंब्यांच्या सोनेरी रंगाशेजारी मला तो फारच आवडला.

यासाठी फांदी हिरवी असतानाच तोडावी लागते. पानगळीच्या तयारीत झाड देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार करतं आणि पानाकडे जाणारी पाण्याची वाट बंद होत जाते. रंग पालटलेलं पान मग ग्लिसरीनही ओढून घेत नाही.

झाडाखाली वेचलेले पाइनकोन, म्हणजे पाइनच्या झाडाचे लाकडासारखे कडक शंकू, ओव्हनमध्ये साधारण १०० अंश सेल्सिअसला अर्धा-पाऊण तास ठेवले. आतले किडे मरतात आणि मिटलेले पाकळीसारखे खवले उमलतात. राळ पाझरते, म्हणून खाली जुना ट्रे घ्यावा आणि ओव्हनपाशीच थांबावं.

मांडणीत काड्या खोचायला वापरतात तो हिरवा फ्लोरल फोम मला नकोच होता. तो प्लास्टिकचा असतो आणि त्याचा भुगा मातीत-पाण्यात मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे अगदी बारीक कण, म्हणून राहतो. बारीक तारेची जाळी चुरगळून उथळ लाकडी ट्रेमध्ये बसवली आणि तिच्या भोकांत काड्या खोचल्या. सगळं वाळलेलं असल्याने पाण्याचा प्रश्नच नव्हता. मध्ये छोटे भोपळे, न कापलेले. कोरलेला भोपळा काही दिवसांतच मऊ पडतो; अख्खा, देठासकट असलेला कित्येक आठवडे टिकतो. तो देठाला धरून उचलू नये, कारण देठ तुटला की तिथूनच सड सुरू होते.

उंचीबद्दल मी अगदी आग्रही आहे. समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसलेच पाहिजेत, नाहीतर सजावट कितीही सुंदर असो, ती गप्पांच्या आड येते. मी खुर्चीवर बसले, टेबलावर कोपर टेकून हात उभा धरला आणि मनगटाच्या वर गेलेली प्रत्येक काडी कापून टाकली. शेंगा आणि ओंब्या आडव्या पसरल्या की कमी उंचीतही मांडणी भरगच्च दिसते. वाळकी काडी ठिणगीलाही पेट घेते, त्यामुळे मांडणीत बॅटरीवरचे दिवे घातले. सुगंधी मेणबत्ती तर जेवणाच्या टेबलावर मी कधीच ठेवत नाही. अन्नाचा वास मोकळेपणाने यायला हवा.

आता भेट. हातात मोकळी फुलं दिली की यजमानीण भर गडबडीत फुलदाणी शोधत फिरते. म्हणून मी काचेच्या छोट्या बरण्यांत मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या केल्या. हे मेण ६२ ते ६४ अंशांच्या आसपास वितळतं. ते थेट आचेवर ठेवायचं नाही. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं. वात दोन काड्यांमध्ये पकडून बरोबर मध्यावर उभी केली, बरणी कोमट करून घेतली आणि मग मेण ओतलं. घाईने गार केलं तर वर तडा जातो, म्हणून बरण्या वाऱ्यापासून दूर तशाच राहू दिल्या. साध्या सुती कापडाच्या चौकोनात गाठ मारून बांधल्या आणि एक चिठ्ठी अडकवली: ‘पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचं मेण कडेपर्यंत वितळू द्या. दर वेळी लावण्याआधी वात अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा.’

ट्रे खोक्यात घालून भोवती कागदाचे बोळे कोंबले आणि पाहुणे यायच्या बऱ्याच आधी तिच्या टेबलावर नेऊन ठेवला. भोपळ्यांना रंग किंवा वॉर्निश लावलं नव्हतं, म्हणजे नंतर ते तिला स्वयंपाकात वापरता येणार होते. मात्र त्यांत दोन शोभेचेही होते. त्यांच्यात कुकरबिटासिन हे कडू द्रव्य असू शकतं आणि ते पोटात गेलं तर चांगलाच त्रास होतो. त्या दोघांच्या देठाला मी वेगळा दोरा बांधून दिला आणि ते शिजवायचे नाहीत, हे निघण्याआधी तिला पुन्हा एकदा सांगितलं.