पियानो साथीला नसतो

रविवार, रात्री उशिरा

संध्याकाळी कॅम्पात व्हायोलिन-पियानोची मैफल ऐकली. आधी जर्मन संगीतकार ब्राम्सचा पहिला सोनाटा (म्हणजे तीन-चार भागांची वाद्यरचना), मग एका तरुण संगीतकाराची ताजी रचना, मध्यंतरानंतर सेझार फ्रँकचा सोनाटा. माइक नाही, आणि निवेदन चक्क दोन मिनिटांत आटोपलं. (यासाठी आयोजकांना शाल-श्रीफळ द्यायला हवं.)

सोबत मावशी होती. तिचे कान सवाईच्या मांडवात तयार झालेले. ब्राम्स संपल्यावर कुजबुजली, "व्हायोलिन गोड आहे गं, पण पियानोवाला फार पुढे पुढे करतोय. साथीला बसलाय तर जरा दबून वाजवावं की."

हसू आलं, पण तिचं तरी काय चुकलं? व्हायोलिन म्हटलं की आपल्याला प्रभाकर जोगांचं आठवतं. ते गाणार, बाकीचे मागे. ब्राम्सने मात्र सोनाटा छापला तो 'पियानो आणि व्हायोलिनसाठी' म्हणून, पियानोचं नाव आधी घालून. १८७९ साली पुरा झालेला. त्यातल्या संथ भागाची सुरुवात त्याने आपल्या पियानोवादक मैत्रिणीला, क्लारा शूमनला, पत्रातून पाठवली होती, तिचा मुलगा फेलिक्स आजारी होता तेव्हा. फेलिक्स म्हणजे ब्राम्सचा धर्मपुत्र. त्याच वर्षी फेब्रुवारीत क्षयाने गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. हा भाग एकटा पियानो सुरू करतो. व्हायोलिन बराच वेळ गप्प असतं, भेटायला आलेलं माणूस आधी नुसतं शेजारी बसून राहतं तसं.

नव्या रचनेत पियानोवादक उठून उभाच राहिला. डावा तळवा आत तारांवर दाबून धरलेला, उजव्या हाताने पट्ट्या. सूर उमटायचाच नाही, नुसता ठोका. तिकडे व्हायोलिनवालीने गज पार घोडीजवळ, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीजवळ नेला, तर सुराआधी घासण्याचाच आवाज. समोरचे आजोबा सारखे घड्याळ बघत होते. मधला तुकडा मलाही लांबला. पण मुख्य कोण आणि साथीला कोण, हा प्रश्नच तिथे उरला नाही. ठोका याचा की तिचा, डोळे मिटले तर सांगता येईना.

त्यामुळे फ्रँक वेगळाच ऐकू आला. १८८६ साली यूजीन इझाई या व्हायोलिनवादकाच्या लग्नात दिलेला हा आहेर, म्हणजे खरं तर व्हायोलिनचाच मान. तरी शेवटच्या भागात सुरावट आधी पियानो म्हणतो आणि एक मात्रागट सोडून व्हायोलिन तीच म्हणत मागून येतं. आपल्या सवाल-जवाबात एक थांबतो, मग दुसरा बोलतो. इथे पहिल्याचं वाक्य चालू असतानाच दुसरा तेच म्हणू लागतो, आणि भांडण होत नाही! दुसऱ्या भागानंतर मध्येच टाळ्या पडल्या. पडू देत, तो भाग संपतोच तसा. मावशीने 'क्या बात है' कसंबसं गिळलं.

शेवटी आग्रहाखातर त्यांनी एक छोटंसं गोड काहीतरी वाजवलं. नसतं वाजवलं तरी चाललं असतं. फ्रँक मी घरी कधीही लावू शकते; त्या नव्या रचनेचं अजून रेकॉर्डिंगच नाही म्हणे. तीच पुन्हा वाजवली असती तर मी बसले असते. मावशीही बसली असती, नंतर रिक्षा मिळण्याच्या अटीवर.