पाणी सुटायची वाट बघताना

कोलाडला राफ्टिंगला ऑफिसच्या मंडळींनी ओढून नेलं. आदल्या रात्री कॅम्पवर स्पीकर किती वाजेपर्यंत कोकलत होता, त्याबद्दल न बोललेलंच बरं. सकाळी मात्र साजे गावाजवळ लाइफ जॅकेटं घालून सगळे गप्प, कारण कुंडलिका नदीत नुसते दगड दिसत होते. ऐन एप्रिल.

"पाणी सुटलं की निघायचं," राफ्टवरचा पोरगा म्हणाला.

"सुटणार कुठून?"

"भिऱ्याहून. मुळशीचं पाणी आहे ना दादा."

थोड्या वेळाने दगड खरंच एकेक करून बुडायला लागले. मी बघतच राहिलो. मुळा नदीचं पाणी खरं तर पुण्याकडे जायचं, तिथून भीमा, कृष्णा आणि थेट बंगालचा उपसागर. टाटांनी मुळशीला धरण बांधून ते उलट, कोकणात वळवलं. सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला आणून त्याच्या झोतावर वीज काढायची पेल्टन चाकं फिरवली, मुंबईला वीज दिली. टाटांची वीजकेंद्रं सुरू झाली ती अशी: खोपोली १९१५, भिवपुरी १९२२ आणि हे भिऱ्याचं १९२७. भिऱ्यातून सुटलेलं पाणी खाली अडवून रवाळज्याला पुन्हा वीज काढतात, मग ते कुंडलिकेत. म्हणजे आमची राफ्ट दोनदा राबून आलेल्या पाण्यावर चालली होती. मजा आली, खोटं कशाला बोलू? घसा बसेपर्यंत ओरडलो.

दुपारी हट्टाने भिऱ्याला गेलो. चालू वीजकेंद्र, त्यामुळे आत जायचा प्रश्नच नव्हता. डोंगरावरून उतरणारे ते लांबच लांब पाइप मात्र बाहेरूनही मान दुखेपर्यंत बघण्यासारखे आहेत. बघत मी एकटाच होतो. बाकी झाडून सगळे देवकुंडाला निघालेले, आणि मला प्रत्येक जण विचारणार, "पार्किंग पुढे आहे का?" जवळजवळ शंभर वर्षं चालणारं केंद्र शेजारी, आणि लोकांना धबधबाच हवा.

परतताना ताम्हिणी चढून मुळशीच्या काठाने आलो. याच धरणाविरुद्ध १९२१ साली, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले. तरी जमिनी बुडाल्याच, घरं बुडाली. आता त्याच पाण्याच्या कडेने रिसॉर्टांच्या पाट्या, आणि 'लेक व्ह्यू' खोलीला जादा पैसे. मी रस्त्यावरूनच, फुकटात बघितला तो व्ह्यू, आणि चहा पुढे पौडला घेतला.