नोअर हिलचे महाराज आणि ११ डिग्रीचा वसंत

"अगं, फुलपाखरं बघायला चाललीयेस की शेकोटी शोधायला?" दादा मला विचारत होता, कारण मी थर्मल, स्वेटर, त्यावर त्याचंच एक ढगळं जॅकेट आणि कानटोपी असा अवतार करून दारात उभी होते. एप्रिल संपायला दोन दिवस राहिलेले, कॅलेंडरवर वसंत आणि बाहेर ११ डिग्री, आभाळ असं की कुणी राखाडी चादर चारही कोपरे ओढून घट्ट बांधलीये. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, लंडनला गेली कितीतरी वर्षं. फुलपाखरांशी त्याचा संबंध शून्य, पण बहीण एकटी कुठे चुकेल म्हणून सोबत आला बिचारा.

इंग्लंडला वसंतात जाणारे लोक ब्लूबेल्स बघतात, ट्युलिप बघतात. मला बघायचा होता ड्यूक ऑफ बर्गंडी, एक फुलपाखरू. नाव एवढं मोठं आणि पंख पसरून जेमतेम तीन सेंटिमीटर, म्हणजे तिकडच्या दोन पाउंडाच्या नाण्याहून किंचित मोठा. पण माझा जीव त्याच्यात अडकायचं कारण वेगळंच आहे. आपल्या सह्याद्रीतली प्लम जूडी आठवतीये का, ती तपकिरी, झाडाच्या सावलीत पानावर उतरली की गर्रकन तोंड फिरवून अर्धवट पंख उघडून बसते ती? ड्यूक तिच्याच कुळातला. रिओडिनिडी नावाचं हे कुळ, जगभर त्याच्या भरपूर जाती आहेत पण अख्ख्या युरोपात एकच, हा ड्यूक. म्हटलं एवढ्या लांब आलोय तर जूडीच्या चुलतभावाला भेटून जाऊ.

तर वॉटर्लूहून ऑल्टनची ट्रेन, तासा-सव्वातासात ऑल्टन, तिथून बस पकडून सेलबोर्न. हॅम्पशायरमधलं एवढंसं गाव, आता साउथ डाउन्स नॅशनल पार्कात येतं. निसर्गाच्या नोंदी ठेवणाऱ्यांसाठी मात्र हे पंढरपूरच, कारण इथे गिल्बर्ट व्हाइट राहायचे. १७२० चा जन्म, पेशाने पाद्री, आणि वर्षानुवर्षं रोजनिशीत लिहून ठेवायचे की आज अमुक पक्षी आला, तमुक फूल उमललं, थंडी किती, पाऊस किती. त्यांच्याकडे आत्याकडून आलेलं एक कासव होतं, टिमथी, ते मातीतून कधी बाहेर आलं याच्यासुद्धा नोंदी आहेत. (टिमथी ही खरं तर मादी होती हे ती मेल्यावर कळलं. तिचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.) त्या दिवशीची हवा बघून टिमथीने डोकं बाहेर काढलंच नसतं असं माझं प्रामाणिक मत.

असो, नमनालाच घडाभर तेल झालं.

गावामागे बीचच्या झाडांनी भरलेली उभी टेकडी आहे आणि तिच्यावर चढायला झिगझॅग नावाची वाट, व्हाइट आणि त्यांच्या भावाने १७५३ साली खोदवून घेतलेली. खाली सगळा चॉक, म्हणजे खडूचा दगड, आणि खडू ओला झाला की तो साबणासारखा होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्याच वळणावर मी अशी बसले की जॅकेटची मागची बाजू पांढरीफेक. दादाने हात द्यायच्या आधी फोटो काढला.

झिगझॅग चढून कॉमनवरून, म्हणजे गावच्या सामायिक रानातून, पुढे चालत गेलं की नोअर हिल. हे कळायला मला नकाशा तीनदा फिरवावा लागला, पण एकदा पोचल्यावर विसरणं शक्य नाही. अख्खी टेकडी खड्ड्या-उंचवट्यांची, कारण मध्ययुगात इथून खडू खणून शेतात टाकायला न्यायचे. ते खड्डे आता गवताने भरलेत, आणि गवतात जिकडे बघावं तिकडे काउस्लिप, पिवळ्या घंटांचे झुबके. ड्यूकची अळी या काउस्लिपची नाहीतर प्रिमरोजची पानं खाते, दुसरं काही नाही. आणि खड्ड्यात वारा लागत नाही, दक्षिणेकडे तोंड असलेला उतार जरा जास्त तापतो, म्हणजे फुलपाखरांसाठी त्या शेकडो वर्षांपूर्वीच्या मजुरांनी नकळत खोल्याच बांधून ठेवल्यात.

खोल्या होत्या, भाडेकरू नव्हते. दीड तास आम्ही एका खड्ड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, डोळ्यांत तेल घालून बघत फिरलो आणि उडताना दिसलं काय तर एक भुंगामाशी. झाडांतून नुसत्या चिफचॅफ पक्ष्यांच्या हाका, चिफ-चॅफ-चिफ-चॅफ, जणू वर्गात हजेरी घेतायत आणि कुणीच येस सर म्हणत नाहीये. दादा म्हणाला, "यापेक्षा तू मला व्हिडिओ दाखवला असतास तरी चाललं असतं."

मग एक आजोबा भेटले, गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात छोटं भिंग. ते इथे दर आठवड्याला फुलपाखरं मोजतात. म्हटलं मोजली का आज? तर हसले. आज मोजायचंच नाही म्हणे. ब्रिटनमध्ये १९७६ पासून ही मोजणी चालू आहे, एप्रिल ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा ठरलेल्या वाटेने चालायचं, दोन्ही बाजूला अडीच अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्यातच जे दिसेल ते लिहायचं, आणि नियम असा की १३ डिग्रीच्या खाली मोजणी नाही, १३ ते १७ असेल तर निदान ६० टक्के ऊन पाहिजे, १७ च्या वर गेलं की मग ढग असले तरी चालतात. मला तर हे ऐकून एकदम बरं वाटलं, म्हणजे आम्हाला काही दिसलं नाही हा आमचा नाकर्तेपणा नव्हता, अधिकृत कारण होतं.

कारण साधं आहे. फुलपाखराचं अंग आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. छातीतले पंख हलवणारे स्नायू पुरेसे तापले नाहीत तर ते उडूच शकत नाही, आणि ती ऊब मुख्यतः उन्हातून घ्यायची. अशा गारठ्यात ऊन नाही तर उड्डाण नाही, दिवसभर आहे तिथे गप बसून राहायचं.

आणि आजोबा नेमकं तेच म्हणाले. उडणारं शोधू नका, बसलेलं शोधा.

त्यांनी आम्हाला मागच्या वर्षीच्या वाळक्या नॅपवीड नावाच्या रानफुलाच्या बोंडांपाशी नेलं. काळपट-तपकिरी, सुकून फुटलेली बोंडं, शेकडो. एकेक निरखत गेले आणि एकापाशी थांबून नुसतं बोट दाखवलं. मला आधी बोंडच दिसलं. मग बोंडाला मिश्या फुटल्या. डिंजी स्किपर! पंख पतंगासारखे खाली गुंडाळून बोंडाला असा मिठी मारून बसलेला की वाळकं फूल कुठे संपतं आणि फुलपाखरू कुठे सुरू होतं ते सांगता येईना. उन्हात हाच प्राणी इतका चपळ असतो की दिसला म्हणेपर्यंत गायब. इथे मी त्याच्यापासून वीतभर अंतरावर, माझ्या श्वासाची वाफ दिसतेय, आणि तो ढिम्म.

त्यानंतर परतीची वाट आमच्यासाठी बदललीच. गल्लीसारख्या खोल रस्त्याच्या कडेला गार्लिक मस्टर्ड उगवलेलं असतं, पान चुरगळलं की लसणाचा वास येणारं, वर पांढऱ्या बारीक फुलांचा तुरा. आता मी प्रत्येक तुरा बघत चालले होते, दादा पुढे जाऊन परत मागे येत होता. किती तुरे बघितले देव जाणे, पण शेवटी एका तुऱ्यात फुलांच्या मधोमध एक ऑरेंज टिप, पंख मिटून. मिटल्यावर त्याचं नारिंगी टोक आत लपतं आणि बाहेर राहते ती मागच्या पंखाची पांढऱ्यावरची हिरवी नक्षी, हुबेहूब त्या फुलांसारखी. मी कॅमेऱ्यात झूम करून बघितलं तर हिरवा रंग कुठेच नाही! पिवळे खवले आणि काळे खवले शेजारी शेजारी, आपला डोळा त्यांना मिसळून हिरवं करतो. एका मिशीच्या टोकाला पाण्याचा थेंब होता, मोहरीएवढा, आणि त्या थेंबात रस्ता उलटा दिसत होता. उन्हाच्या दिवशी नर ऑरेंज टिप रस्त्याच्या कडेने नुसता पळत असतो, असा जवळून तो मला कधीच बघायला मिळाला नसता.

दादानेही वाकून बघितलं. काही बोलला नाही, पण पुढची दहा मिनिटं तोही तुरे बघत होता, बघतोय असं दाखवत नव्हता एवढंच.

ड्यूक मात्र नाही तो नाहीच. त्या भागात जुने लोक या दिवसांना ब्लॅकथॉर्न विंटर म्हणतात, ब्लॅकथॉर्नची झुडपं पांढऱ्या फुलांनी भरतात आणि नेमकी तेव्हाच थंडी उलटून येते.

चार दिवसांनी परत गेलो. फोनवरच्या हवामान ॲपने १४ डिग्री आणि अधूनमधून ऊन असं सांगितलं होतं, त्याच्यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता कारण आधीच्या चार दिवसांत त्याने तीनदा शब्द फिरवलेला. पण या खेपेला झिगझॅगच्या वरच्या टोकाला पोचलो तेव्हा ढगांना भोकं पडली होती. पहिला आला तो ब्रिमस्टोन, लिंबासारखा पिवळा, सरळ रेषेत कामावर निघाल्यासारखा गेला. हे महाशय फुलपाखराच्या रूपातच आख्खा हिवाळा काढतात. मग वाटेच्या मधोमध पीकॉक, तोही हिवाळा काढलेला, पंखांच्या कडा झिजून फाटलेल्या, पण चारही डोळे शाबूत. ढग आला की तो पंख मिटून वाळकं पान व्हायचा, ऊन आलं की सपाट उघडायचा, आणि उडायच्या आधी पंख थरथर थरथर हलवायचा. थंडीने कुडकुडतोय असं वाटतं पण ते स्नायू गरम करणं असतं, थंडीत गाडी सुरू करून नुसती उभी ठेवतात ना, तसं.

नोअर हिलला मी थेट एक खोल खड्डा गाठला, कडेला हॉथॉर्नची खुरटी झुडपं, खाली काउस्लिप. दादा काठावर सँडविच घेऊन बसला. मी खाली उतरून पंधरा मिनिटं शोधतीये, ऊन येतंय जातंय, एक ग्रीन हेअरस्ट्रीक दिसला, पंख मिटूनच बसतो हा, आणि उन्हाकडे अंग कलतं करून एका कुशीवर शेकतो, तर मी त्याच्या मागे लागलेली. तेवढ्यात वरून आवाज.

"अगं ए, ते तुझे महाराज असे चौकटीचौकटीचे असतात का? बिस्किटासारखे?"

मी त्या उतारावरून कशी वर गेले माहीत नाही. दादाच्या बुटापासून हातभर अंतरावर, हॉथॉर्नच्या कोवळ्या पानावर, पंख पसरून ड्यूक ऑफ बर्गंडी. गडद तपकिरीवर नारिंगी चौकोन, कडेला नारिंगीत काळे ठिपके. किती वेळ बसलाय विचारलं तर म्हणे दहा मिनिटं झाली, मला वाटलं तू त्या हिरव्याचाच शोध घेत होतीस. काय बोलणार!

मग आम्ही दोघंही पालथे पडून बघत राहिलो. आधी पाय मोजले. ड्यूकचा नर चार पायांवरच उभा राहतो, पुढची जोडी आखडून गेलेली असते, मादी मात्र सहाही पाय वापरते. एक दोन तीन चार, नर. नर असा एखाद्या मोक्याच्या पानावर ठाण मांडून बसतो आणि समोरून जे जाईल त्याच्यावर तुटून पडतो. दुसरा ड्यूक आला, दोघं भोवऱ्यासारखे फिरत वर गेले, आणि हा परत आला तो त्याच पानावर, त्याच बाजूला तोंड करून. मग एका माशीच्या मागे धावला. मग एका उडणाऱ्या काडीच्या मागेसुद्धा. "संस्थान केवढं आणि ऐट केवढी," दादा म्हणाला.

परत ढग आला, या वेळी मोठा. वारा सुटला, माझी बोटं बधिर. ड्यूकने पंख हळूहळू मिटले आणि खालची बाजू दिसली, नारिंगीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन ओळी. पान हलत होतं, त्याच्याबरोबर तो हलत होता. मी शेजारच्या काउस्लिपचं एक पान अलगद उलटून बघितलं, ड्यूकची मादी पानाच्या खालच्या बाजूला एकदोन अंडी घालते म्हणून, पण तिथे नुसती एक गोगलगाय निघाली. दुसरं पान, काही नाही. मग थांबले, उगाच त्यांच्या जेवणात हात नको.

"चल, बस आहे ना," मी म्हटलं.

"थांब गं पाच मिनिटं, ऊन येईल," दादा पोटावर पडल्या पडल्या म्हणाला. तो कुठे तरी आभाळाकडे बघून हिशोब करत होता, तो ढग त्या झाडापर्यंत पोचला की मागे निळं आहे वगैरे.

पाच मिनिटांची पंचवीस झाली. फोनवर टाइमटेबल बघितलं तर बस गेली होती. ड्यूक होता तिथेच होता.