रकाना अकरावा

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एचआरला आहे. गेल्या जूनमध्ये डिप्लोमा ट्रेनींसाठी वॉक-इन ठेवला होता. सकाळी गेटवरून फोन आला, "मॅडम, एक पोरगा सहा वाजल्यापासून बसलाय. आत सोडू का?"

मुलगा किनवटचा. किनवटहून नांदेड, तिथून रात्रीची ट्रॅव्हल्स. टपरीमागच्या नळावर तोंड धुऊन त्याने शर्ट बदलला होता, घडीच्या रेघा अजून तशाच होत्या. फॉर्म भरताना अकराव्या रकान्याशी थांबला. 'कंपनीतील ओळखीच्या व्यक्तीचे नाव, विभाग व नाते.'

"मॅडम, इथं काय लिहू?"

"कोणी नसेल तर राहू दे."

त्याने राहू दिलं नाही. सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कोणी नाही', आणि खाली रेघ मारली.

मुलाखत उत्तम झाली. प्रॉडक्शनच्या साहेबांनी ड्रॉइंग पुढे सरकवलं, त्याने टॉलरन्स न अडखळता वाचला. व्हर्निअर हातात दिला तर आधी झीरो एरर तपासला. हे आमच्याकडची वर्षभर काम केलेली पोरंही विसरतात. साहेब खूश झाले. मी मात्र खाली बघत होते, कारण बारापैकी अकरा जागा सोमवारीच भरल्या होत्या आणि बारावी एका सुपरवायझरच्या भाच्यासाठी ठेवलेली होती. जाहिरात गेली मंगळवारी.

दुपारी जेवायला न जाता निवडलेल्यांचे अकरा फॉर्म काढून बसले. सगळ्यांचा अकरावा रकाना भरलेला. मावसभाऊ, कॉलेजचा सीनियर, शेजारी. नऊ जण दोनच तालुक्यांतले. एकही मुलगा नालायक नव्हता, कोणी कोणाला पैसे चारले नव्हते. जागा निघाली की शॉपफ्लोअरवरची माणसं आपापल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, बस्स. किनवटच्या त्या मुलाला कोणीच नाकारलं नव्हतं. त्याच्यापर्यंत बातमीच उशिरा पोचली होती.

अभ्यासक्रमात मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं १९७३ चं संशोधन होतं. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये त्याने नोकरदारांना विचारलं, नोकरीची खबर कुठून लागली? बहुतेकांना ती ओळखीतून लागली होती, आणि तीही जिवलग मित्राकडून नव्हे, अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून. परीक्षेत मी ते छान लिहिलं होतं. ज्याच्या अधूनमधून भेटणाऱ्यांतही कारखान्यातलं कोणीच नाही, त्याचं काय, हे तेव्हा मनात आलं नव्हतं.

खरं तर आमच्या घरातच हे होतं. आजोबा परळच्या गिरणीत लागले ते गावच्या जॉबरमुळे, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमामुळे. जॉबर आपल्या गावची, आपल्या जातीची माणसं भरायचा. विणकाम खात्यात पगार चांगला, पण मागाच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली तिथे अस्पृश्यांना घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. आजोबा त्याच विणकाम खात्यात होते. त्यांच्या पगारावर वडील शिकले, आणि मला ही नोकरी वडिलांच्या मित्राच्या शब्दावर मिळाली. आमच्या घराला त्या एका ओळखीचं व्याज तीन पिढ्या मिळतंय.

साहेबांशी बोलले. ते म्हणाले, "ओळखीने आलेला पोरगा टिकतो. न सांगता पळून जात नाही." खरं आहे ते. टिकतो, कारण कोणाचा तरी शब्द त्याच्या मागे असतो, पहिले चार महिने राहायला कोणाची तरी खोली असते. जो एकटा येतो त्याच्याकडे यातलं काहीच नसतं, आणि तो टिकणार नाही असं आम्ही आधीच धरून चालतो.

संध्याकाळी त्याला सांगायला मीच गेटवर गेले. जागा भरल्यात म्हटल्यावर तो चिडला नाही. फाईलला रबर लावत विचारलं, "मॅडम, जागा निघाली हे आधी कळायला कुठं विचारायचं असतं?"

मला उत्तर देता आलं नाही. नंबर घेतला.

भांडून एवढंच मिळवलं, की आता भरतीची नोटीस शॉपफ्लोअरवर लागते त्याच दिवशी नांदेड, गडचिरोली, नंदुरबारच्या तंत्रनिकेतनांना मेल जातो आणि जागा महिनाअखेरपर्यंत भरत नाहीत. ऑक्टोबरच्या भरतीत मी त्याला फोन केला. तोवर तो हैदराबादला एका गोदामात लागला होता, पॅकिंगला.

अकरावा रकाना फॉर्मवर अजून आहे. छापलेला गठ्ठा संपेपर्यंत बदलता येणार नाही म्हणाले. वाटण्याआधी मी प्रत्येक फॉर्मवर तो पेनाने खोडते.